आईच्या सुपातला करार: बेळगाव, चिकोडी आणि उत्तर कन्नडच्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
माननीय खासदार,
बेळगाव, चिकोडी आणि उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघ

विषय: घरखेप कामगारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय करार क्रमांक १७७ ला भारताने मान्यता द्यावी, यासाठी लोकसभेत प्रश्न विचारण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी निपाणीत झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान चालवते. माझी आई विड्या वळते. आजीही वळायची. निपाणी चिकोडी मतदारसंघात येते, त्यामुळे खरं तर एकाच खासदारांना लिहून भागलं असतं. पण बेळगाव शहरातल्या वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांतून घरोघरी मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांचंही काम यातच मोडतं, आणि खानापूर तालुका लोकसभेला उत्तर कन्नडला जोडलेला आहे. म्हणून तिघांनाही एकच पत्र. ते मराठीत लिहिते आहे, कारण मला माझं म्हणणं मराठीतच नीट मांडता येतं, आणि राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला दिला आहे.

आधी एका शब्दाचा खुलासा करते, कारण इथेच नेहमी घोटाळा होतो. घरकामगार म्हणजे दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणारी बाई. घरखेप कामगार म्हणजे आपल्याच घरात बसून दुसऱ्याचा माल तयार करून देणारी. पहिली सकाळी घराबाहेर पडताना निदान दिसते तरी. दुसरी कुणाला दिसतच नाही. हे पत्र दुसरीसाठी आहे.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी दुकानात आल्या. वय पन्नाशीच्या पुढचं. असंघटित कामगारांच्या नोंदणीचं ई-श्रम कार्ड काढायचं होतं. मशीनवर अंगठा ठेवला, उमटेना. पदराला पुसून ठेवला, उमटेना. बाहेरच्या नळावर हात धुऊन आल्या, मग डावा अंगठा, मग दोन्ही हातांची एकेक बोटं. मी मशीनची काच पुसली, वायर काढून पुन्हा लावली. शेवटी मावशीच म्हणाल्या, "मशीनला काय दोष देतीस पोरी? पान दुमडून दुमडून रेघा गेल्या माझ्या." मी त्यांचा हात उजेडात धरून पाहिला. अंगठ्याचं आणि तर्जनीचं पेर गुळगुळीत झालेलं, नदीतल्या गोट्यासारखं. नखाच्या कडेला तंबाखूचा पिवळा डाग कायमचा बसलेला. मग मी विचारलं, "मावशी, मालक कोण तुमचा?" त्या म्हणाल्या, "मालक कुठला आलाय? ठेकेदार हाय. आनि त्यो म्हनतोय, मी मालक न्हाई."

त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. चाळीस वर्षं एका छापाच्या विड्या वळल्या, हाताच्या रेघा गेल्या, आणि मालक कोण याचं उत्तर नाही.

ज्यांच्या घरात हे काम नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ठेकेदाराकडून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा मिळतो. पानं रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीने तुकडे कापायचे. मग सूप मांडीवर घेऊन बसायचं: चिमूटभर तंबाखू, पान वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. दिवसाला पाचशे ते हजार. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून ठेकेदाराकडे न्यायच्या. तो जुडी हातात घेतो, दाबतो आणि काही विड्या बाजूला टाकतो. त्या नापास. नापास विडीचे पैसे मिळत नाहीत, पण ती विडी परतही मिळत नाही. पानं खराब निघाली, मापाला कमी पडली, तर आई बाजारातून स्वतःच्या पैशाने पानं आणते आणि हजाराचा हिशोब पुरा करते. पाचवीत असल्यापासून दोरा बांधायचं काम माझ्याकडे होतं. शाळेतून आल्यावर दोनशे विड्यांना दोरा बांधल्याशिवाय खेळायला जायचं नाही, असा आमच्या घरचा नियम होता. आईला मी दोष देत नाही. हजार भरले नाहीत तर आठवड्याचा बाजार भरत नव्हता.

आता कायद्याकडे येते. १९६६ साली संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा केला. चांगला कायदा होता. कारखान्यात उजेड, हवा, पिण्याचं पाणी, संडास, पाळणाघर, ठरावीक तास, भरपगारी रजा, सगळं त्यात मागितलं होतं. पण हे सगळं पुरवायचा खर्च टाळायला मालकांनी सोपा रस्ता काढला. कारखाना मोडायचा, पान-तंबाखू बायकांच्या घरी धाडायची आणि मध्ये ठेकेदार बसवायचा. केरळात हा कायदा नेटाने लागू व्हायला लागला, तेव्हा एका मोठ्या विडी मालकाने तिथलं काम बंद करून धंदा कर्नाटकात मंगळूरकडे हलवला. कन्नूरकडे बेकार झालेल्या कामगारांनी मग १९६९ मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली, ती केरळ दिनेश विडी. म्हणजे एका राज्याने कायदा कडक केला की माल शेजारच्या राज्यात जातो. आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे वेगळं शिकवायला नको. निपाणीहून महाराष्ट्रातलं कागल तासाभराच्याही आत येतं. तिकडचा किमान वेतनाचा दर वेगळा, इकडचा वेगळा. पानाची पोती सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून या बाजूला येऊ शकतात, त्या बाजूला जाऊ शकतात. हात मात्र तेच.

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की घरी विड्या वळणारी बाईसुद्धा कामगारच आहे आणि तिचा भविष्य निर्वाह निधी कापून मालकाने आपला वाटा भरला पाहिजे. या निकालाचा लाभ पुष्कळ जणींना झाला, हे मी मान्य करते. पण त्यावरही तोड निघाली. ठेकेदार म्हणतो, "मी तुम्हाला पान-तंबाखू विकतो, तुम्ही मला विड्या विकता." कागदावर झाली खरेदी-विक्री. मग बाई कामगार राहत नाही, छोटी व्यापारी होते, आणि व्यापाऱ्याला कुठला फंड, कुठली रजा? घरातल्या घरात स्वतःसाठी काम करणाऱ्यांना विडी कायद्यातून सूट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, १९६६ चा कायदा त्यांत विलीन झाला, आणि ती सूटही सोबत आली. आई आयुष्यात कधी स्वतःसाठी विडी वळली नाही. ती विडी ओढतही नाही. पण या एका फटीतून तिला बाहेर काढता येतं.

ही फट बुजवणारी ओळ आधीच लिहिलेली आहे, आणि तिच्यासाठीच हे पत्र आहे.

जून १९९६ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरखेप कामाचा करार केला. क्रमांक १७७. त्यामागे आपल्याच देशातल्या बायका होत्या. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेने विडी वळणाऱ्या आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांचा प्रश्न तिथपर्यंत नेला, तिच्या संस्थापक इलाबेन भट्ट यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खपून काम केलं. घरखेप कामगार कोण, हे या कराराने पहिल्याच कलमात सांगितलं: आपल्या घरी किंवा आपण निवडलेल्या जागी, मोबदल्यासाठी, मालकाने ठरवून दिलेली वस्तू जी तयार करते ती. आणि पुढे: हत्यारं, कच्चा माल, साहित्य कुणी पुरवलं याचा विचार न करता.

हे शेवटचे शब्द पुन्हा एकदा वाचा, एवढी विनंती आहे. पान विकलं की फुकट दिलं, दोरा कुणाचा, कात्री कुणाची, यावरून बाईचं कामगारपण जाणार नाही. खरेदी-विक्रीचं सगळं नाटक या एका वाक्यापुढे टिकत नाही.

करारात आणखी बरंच आहे. घरखेप कामगाराला शक्य तितकी इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी: संघटना करण्याचा हक्क, मजुरी, सामाजिक सुरक्षा, बाळंतपणाचं संरक्षण, वयाची अट. मध्यस्थ असेल तर मालकाची जबाबदारी किती आणि ठेकेदाराची किती हे कायद्याने ठरवावं. देशाच्या श्रमिक आकडेवारीत या बायकांची मोजणी व्हावी. सुरक्षिततेचे आणि आरोग्याचे कायदे घरातल्या कामालाही लागू व्हावेत. आमच्या घरात तंबाखूचं सूप आणि पिठाचा डबा एकाच कोपऱ्यात आहेत. धाकट्या भावाचा पाळणा त्याच खोलीत होता. हे शेवटचं कलम मी वाचलं तेव्हा मला वाटलं, हे लिहिणाऱ्याने आमचं घर बघितलं असावं.

फिनलंडने त्याला मान्यता दिली, आयर्लंडने दिली, अर्जेंटिनाने, नेदरलँड्सने दिली. ज्या देशाच्या बायकांमुळे तो करार उभा राहिला, त्या देशाने अजून दिलेली नाही.

सरकारचं धोरण मला माहीत आहे. आपले कायदे आणि व्यवहार कराराशी पूर्ण जुळल्याशिवाय भारत अनुसमर्थन करत नाही, म्हणजे सही करून स्वतःला बांधून घेत नाही. संघटना स्वातंत्र्याचा करार ८७ आणि सामूहिक वाटाघाटीचा करार ९८ याच कारणाने राहिले आहेत, सरकारी नोकरांच्या नियमांकडे बोट दाखवून. तो वाद मोठा आहे, इथे त्यात शिरत नाही. पण १७७ बाबत हे उत्तर पटत नाही, कारण घरखेप कामगाराची जवळजवळ हीच व्याख्या संसदेने २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात घातली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. मालकाने साहित्य पुरवलं असो वा नसो, हे शब्दसुद्धा तिथे आहेत. मग अडलं कुठे? ती व्याख्या असंघटितांसाठीच्या योजनांच्या दारात बसवली आहे. त्या दारातून कार्ड मिळतं, विमा मिळतो, कधी शिष्यवृत्ती मिळते. मालकाचं नाव मिळत नाही. करार १७७ मालकाचं नाव मागतो. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

कायदा बदलून मग मान्यता देणं आपल्याला नवं नाही. बालमजुरी प्रतिबंध कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि लगेच जून २०१७ मध्ये भारताने बालमजुरीविषयीच्या १३८ आणि १८२ या दोन्ही करारांना मान्यता दिली. इच्छा होती तेव्हा वर्षाच्या आत झालं. त्याहून मागे जायचं, तर १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद भरली, तेव्हा भारताच्या कामगारांच्या बाजूने आपले कामगार नेते ना. म. जोशी गेले होते. कारखान्यात आठ तासांचा दिवस मागणाऱ्या तिथल्या पहिल्याच कराराला हिंदुस्थानने १९२१ मध्ये मान्यता दिली. त्यात हिंदुस्थानासाठी साठ तासांच्या आठवड्याची खास सवलत होती. परिस्थिती अवघड असेल तर टप्प्याटप्प्याने बांधून घेता येतं, हे शंभर वर्षांपूर्वी ठरलेलं आहे.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त लागते. आईच्या सुपात दोन आंतरराष्ट्रीय करार आहेत. एक या बायकांचा, १९९६ चा. दुसरा तंबाखूचा: जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार. त्याला भारताने ५ फेब्रुवारी २००४ रोजी मान्यता दिली, पहिल्या काही देशांत. चांगलंच केलं. खोकून खोकून गेलेली माणसं मी गल्लीत पाहिली आहेत, विडीची बाजू घ्यायला मी बसलेले नाही. पुडक्यावर मोठं चित्र आलं, जाहिराती बंद झाल्या. पण त्याच कराराच्या सतराव्या कलमात लिहिलंय की तंबाखूवर पोट असलेल्या कामगारांना आणि शेतकऱ्यांना परवडणारा दुसरा रोजगार मिळावा यासाठी सरकारांनी मदत करावी. दुसरा रोजगार द्यायचा तर आधी कामगार कोण, किती, कुणाकडे काम करतात, हे माहीत हवं. ते मोजायला सांगणारा करार आपण घेतलाच नाही. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर विडीवरचा कल्याण उपकरही गेला. या उपकरातून विडी कामगारांसाठी दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत होत्या. माझ्या अकरावी-बारावीची वह्या-पुस्तकं त्याच शिष्यवृत्तीतून आली.

लोक विचारतात, विडीचा धंदा असाही आटत चाललाय, आता करार घेऊन काय करायचं? धंदा आटतोय म्हणूनच घाई आहे. गिरणी बंद पडली तर कामगाराकडे हजेरीपट असतो, पगाराची चिठ्ठी असते, तो देणी मागू शकतो. विडीचं काम बंद पडेल तेव्हा ठेकेदार एका सोमवारी पान देणार नाही, एवढंच होईल. चाळीस वर्षं संपली याचा कागदसुद्धा निघणार नाही. आणि हा करार फक्त विडीचा नाही. साडीच्या पदराला गोंडे करणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या, शिलाईचा माल घरी आणून शिवणाऱ्या बायका तुमच्या मतदारसंघांत गल्लोगल्ली आहेत.

निपाणी हे गाव गप्प बसणारं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला, गोळीबार झाला, माणसं गेली. त्याच सुमारास वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांनीही संघटना बांधली. मोर्चात आजी होती. वखारीतल्या बायका एका छपराखाली होत्या, एकमेकींना दिसत होत्या, म्हणून उठल्या. घरखेप बाईला शेजारच्या घरातल्या बाईचा दरही माहीत नसतो. तिच्यासाठी कुणीतरी दिल्लीत उभं राहावं लागतं.

ते तुम्ही करावं, ही मागणी. आंतरराष्ट्रीय करारांना मान्यता देणं केंद्र सरकारचं काम आहे, हे मला कळतं, खासदाराची सही त्याला लागत नाही. पण खासदाराचा प्रश्न लागतो. येत्या अधिवेशनात श्रममंत्र्यांना तारांकित प्रश्न विचारा. तारांकित हवा, म्हणजे उत्तर तोंडी मिळेल आणि उपप्रश्न विचारता येतील. भारताने १९७८ मध्ये करार १४४ ला मान्यता दिली आहे. त्यानुसार मान्यता न दिलेल्या करारांचा अधूनमधून फेरविचार करण्याबाबत सरकारने कामगार आणि मालकांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करणं बंधनकारक आहे. म्हणून पहिला प्रश्न हा: करार १७७ चा असा फेरविचार शेवटचा कधी झाला आणि त्यात काय ठरलं? दुसरा: सामाजिक सुरक्षा संहितेतली घरखेप कामगाराची व्याख्या मजुरी आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितांना का लागू नाही? तिसरा: खरेदी-विक्रीच्या नावाखाली विडी कामगारांना कामगारपण नाकारलं जातं, त्यावर केंद्राने काय केलं? प्रश्नाचा क्रमांक लागला नाही, तर लोकसभेच्या नियम ३७७ खाली विषय मांडा. तिघांनी मिळून श्रममंत्र्यांना एक पत्र लिहिलंत तर फारच चांगलं. पक्ष वेगळे असतील, विडीच्या जुडीत मात्र पंचवीसच असतात, कुठल्याही पक्षाच्या घरात.

सीमाप्रश्नाबद्दल या पत्रात मी काही म्हटलेलं नाही, तो मला महत्त्वाचा वाटत नाही असा अर्थ कुणी काढू नये. माझ्या घरात त्यावर रोज बोलणं होतं. पण मान्यतेची सही दिल्लीत व्हायची आहे, आणि ती झाली तर नाक्याच्या दोन्ही बाजूंच्या बायकांना एकदमच लागू होईल.

उत्तर मराठीत आलं तर आनंद होईल. कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत आलं तरी चालेल, गल्लीत वाचून दाखवणारी पोरं आहेत. दुकानाच्या दर्शनी काचेवर अर्जांच्या तारखा लावते, तिथेच मी ते छापून लावीन. अंगठा न उमटलेल्या त्या मावशींचं कार्ड शेवटी डोळ्यांच्या मशीनवर झालं. त्या दर सोमवारी माल द्यायला दुकानावरूनच जातात, त्यांनाही थांबवून वाचून दाखवीन.

आपली,
निपाणीची एक मतदार, विडी कामगाराची मुलगी